विहीणबाईंनी नाव देऊन टाकलं

माणसाचं नाव ही त्याची अशी एकमेव वस्तू आहे, जी त्याला कुणाला देता येत नाही. घर देता येतं, दागिने देता येतात, मरणानंतर डोळेही देता येतात. नाव मात्र ज्याचं त्याच्याबरोबर जातं. आमच्या सोसायटीतल्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर मी हे बोललो तेव्हा टाळ्या पडल्या. पाठोपाठ बटाटेवडे आले होते, त्यामुळे टाळ्या नेमक्या कशाला होत्या ते सांगता येत नाही. गेल्या जुलैत मी ऑक्लाहोमाला जाऊन आलो आणि तेव्हापासून हे वाक्य वापरणं बंद केलं आहे.

मुलुंड पूर्व

आमची केतकी मातीचा अभ्यास करायला अमेरिकेत गेली आणि मार्कस नावाच्या मुलाशी लग्न करून तिथेच राहिली. त्यांची मुलगी रेवा. मार्कस कायोवा आहे. कायोवा म्हणजे अमेरिकेच्या मूळ लोकांपैकी एक जमात. एके काळी घोड्यांवरून गव्यांच्या कळपांमागे गवताळ मैदानांत फिरणारी, आता ऑक्लाहोमा राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात घरं करून राहिलेली. लग्न ठरलं तेव्हा आमच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "म्हणजे पिसंवाले?"

मी म्हटलं, "पिसं समारंभाला. एरवी तो एसी दुरुस्त करतो."

"मग बरंय," काकू म्हणाल्या. मे महिना होता.

मार्कसची आई ग्लेंडा. वय एकाहत्तर. आयुष्यभर शाळेची बस चालवली. गेल्या मे महिन्यात केतकीचा फोन आला. "बाबा, ग्लेंडाच्या हृदयाची झडप बदलायचीय, ऑगस्टमध्ये. त्याआधी तिला तिचं नाव रेवाला द्यायचंय. चार जुलैला सगळे जमतात तेव्हा. तू आणि आई हवेच आहात म्हणतेय."

"ग्लेंडा हे नाव?"

"ते नाही रे. कायोवातलं. तिच्या आजीने तिला दिलेलं."

"मग ती स्वतः काय म्हणवणार?"

"काहीच नाही. दिलं की आपलं राहत नाही ना."

हळूहळू कळलं ते असं. त्यांच्यात म्हाताऱ्या माणसाने आपलं नाव नातवंडाला द्यायचं आणि आपण बिननावाचं व्हायचं, ही जुनी रीत आहे. मेलेल्या माणसाचं नाव सहजासहजी कुणी उच्चारत नाही. म्हणजे ग्लेंडा ऑपरेशनमधून उठली नाही आणि नाव तोवर कुणाला दिलेलं नसलं, तर ते तिच्याबरोबरच बंद पडणार. ते नाव नीट म्हणू शकणारी माणसंही आता थोडीच उरली आहेत. डॉक्टरांनी तिला साखरेमुळे धोका आहे असं सांगितलं होतं. तिने डॉक्टरांना सांगितलं की चार जुलैच्या आधी तिला वेळ नाही.

माझ्या बायकोला, सुनंदाला, थोडी कुरकुर होती. रेवाचं बारसं आम्ही रीतसर केलं होतं, व्हिडिओ कॉलवर. नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि रेवाची आत्या म्हणजे मार्कसची बहीण टीना. तिने बाळाच्या कानात "कुर्रर्र" केलं. मग केतकीच्या मराठी मैत्रिणींनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले. टीना अग्निशमन दलात आहे. तिने शांतपणे वळून एकेकीला धपाटा परत केला. एक मैत्रीण अजून खांद्याचा व्यायाम करते.

"एक नाव असताना दुसरं कशाला?" सुनंदा म्हणाली. पण तिने वर्सोव्याहून सुके बोंबील आणून चार पिशव्यांत गुंडाळले, याचा अर्थ आम्ही जाणार होतो.

लॉटन

प्रवासाबद्दल लिहीत नाही. विमानात काही होत नाही, आणि झालं असतं तर मी हे लिहीत नसतो.

मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. "प्रेअरी: उत्तर अमेरिकेतील समशीतोष्ण गवताळ प्रदेश" हे फळ्यावर किती वेळा लिहिलं असेन! प्रत्यक्षात ते गवत बघून पहिला विचार आला की फळा फारच लहान होता. दुसरा विचार आला की ऊन मात्र आपल्या ठाण्याच्या खाडीवरच्यासारखंच आहे, फक्त घाम न येता भाजतं.

ग्लेंडा लॉटन गावातल्या आपल्या घराच्या दारात उभी होती. बुटकी, रुंद, पांढऱ्या केसांची एक वेणी, पायात धावायचे बूट. इंग्रजीत अहो-जाहो नाही, म्हणून तिच्या तोंडी मी इथे सगळीकडे "तुम्ही" घालतो आहे. काही वेळा तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ "तू" होतं.

पहिल्याच दुपारी सुनंदाने बोंबील तळले आणि छतावरचा धुराचा भोंगा बोंबलू लागला. टीना नेमकी घरात होती. तिने खुर्चीवर चढून भोंगा बंद केला, एक बोंबील तोंडात टाकला आणि म्हणाली, "नोकरीवर असते तर गाडी आणली असती." ग्लेंडाने मात्र नुसता वास घेतला. तिच्या आजीच्या चुलीवर मासा कधी चढला नव्हता. तिने आमच्यापुढे फ्राय ब्रेड ठेवला: तळलेली, फुगलेली, ताटाएवढी भाकरी. भटुऱ्याच्या घरात एखादा पैलवान निघावा तशी. बरोबर मटण घातलेलं मक्याचं सूप. सुनंदाने दोनदा घेतलं आणि वर "तिखट हवं होतं" म्हणाली. म्हणजे आवडलं होतं.

मी घरून वाचून गेलो होतो. कायोवांच्या गोष्टींत सेनडे नावाचा एक लबाड आहे. जगातल्या निम्म्या चांगल्या गोष्टी त्याने केल्या, त्यातल्या बऱ्याच चुकून. मी वही उघडून म्हटलं, "सेनडेची एखादी गोष्ट सांगाल?"

"आता जुलै आहे," ग्लेंडा म्हणाली.

"हो."

"या गोष्टी हिवाळ्यात सांगतात. उन्हाळ्यात सांगितल्या तर सेनडे येऊन नाक कापतो." तिने माझ्या नाकाकडे जरा निरखून पाहिलं. "तुमचं सापडायला त्याला वेळ लागणार नाही."

मी वही मिटली. हे लिहितो आहे तेव्हा मुलुंडमध्ये हिवाळा आहे. म्हणजे शेजाऱ्यांनी कानटोप्या काढल्या आहेत आणि पंखा तीनवर आहे. तेव्हा एक गोष्ट सांगायला हरकत नसावी. सगळे कायोवा जमिनीखाली होते. सेनडेने एका पोकळ ओंडक्यावर टकटक केलं आणि माणसं त्यातून एकेक करून बाहेर यायला लागली. मध्येच एक गरोदर बाई अडकली. तिच्यामागचे सगळे आतच राहिले. म्हणून कायोवा संख्येने थोडे. तीस वर्षांत मी लोकसंख्येची पुष्कळ कारणं शिकवली, पण इतकं सरळ कारण एकाही पाठ्यपुस्तकात नव्हतं.

अस्वलाची गोष्ट मात्र तिने दुसऱ्या दिवशी आपणहून सांगितली, ती सेनडेची नाही म्हणून. सात बहिणी आणि एक भाऊ खेळत होते. भाऊ खेळता खेळता खराच अस्वल झाला आणि बहिणींमागे लागला. एका झाडाच्या खोडाने त्यांना वर चढायला सांगितलं. त्या चढल्या आणि खोड वाढत गेलं. अस्वलाने नखांनी खोड ओरबाडलं. त्या रेघा उत्तरेतल्या एका प्रचंड खडकावर अजून दिसतात. बहिणी आकाशात गेल्या. ग्लेंडाने टेबलावर मक्याचे सात दाणे मांडले: चार चौकोनात, तीन शेपटीत.

"अहो, हे सप्तर्षी!" सुनंदा म्हणाली. आपण तिथे सात दाढीवाले बसवले आहेत, हे मी ग्लेंडाला सांगितलं. तिने दाण्यांकडे पाहिलं. "सातही पुरुष? मग भाजी कोण चिरतं?"

सुनंदाने शेपटीतल्या मधल्या दाण्याला चिकटून मक्याचा एक कण ठेवला. "ही अरुंधती. वसिष्ठांची बायको."

"हिला कुणी वर नेलं?"

"नवऱ्याबरोबर गेली."

"तरीच," ग्लेंडा म्हणाली, "बारीक दिसते."

त्या क्षणापासून या दोघींचं जमलं. मला पुढचे दोन दिवस कुणी फारसं विचारलं नाही, आणि ज्या एका वेळी विचारलं तेव्हा मी घोटाळा केला.

विचिटा डोंगर

मार्कसने आम्हाला विचिटा डोंगरांत नेलं. डोंगर म्हणजे मुलुंडच्या मागच्या टेकड्यांना कुणी वाळवून लाल केलं तर होईल तसे. रस्त्याच्या मधोमध एक गवा उभा होता. आपल्या गव्याचा हा केशकर्तनालयात कधीही न गेलेला चुलतभाऊ. मार्कसने गाडी बंद केली. "तो जाईल तेव्हा आपण जाऊ." तो वीस मिनिटांनी गेला.

मार्कसने सांगितलं, गोऱ्या शिकाऱ्यांनी गवे संपवत आणले तेव्हा शेवटचा कळप इथल्या एका डोंगरात शिरला. डोंगर उघडला, आत हिरवं, ताजं जग होतं. कळप आत गेला आणि डोंगर मिटला. सांगताना त्याचा आवाज खाली गेला. माझ्याही अंगावर काटा आला.

"मग हे परत डोंगरातून आले?"

"नाही, हे न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातून," मार्कस म्हणाला. "आगगाडीने."

पण मग त्याने हेही सांगितलं की गवे गाडीतून उतरले तेव्हा म्हातारे कायोवा बायकामुलांना घेऊन बघायला आले होते. मुलांनी तोवर गवा पाहिलाच नव्हता. मला ही गोष्ट डोंगर उघडण्यापेक्षा कमी वाटली नाही.

ग्लेंडाचं घर, तीन जुलै

संध्याकाळी सगळे ओसरीवर बसलो होतो. ग्लेंडा आतून एक लोकरीचं ब्लँकेट घेऊन आली, अर्धं लाल, अर्धं निळं. ती माझ्यासमोर थांबली आणि ते पुढे केलं. "हे तुमच्यासाठी."

आता मुलुंडमध्ये वाढलेला माणूस अशा वेळी काय म्हणतो? मी दोन्ही हात वर करून म्हटलं, "छे छे, कशाला, कशाला! काही गरज नाही."

आपल्याकडे यानंतर समोरच्याने "असू द्या हो" म्हणायचं, मग आपण "नको नको" म्हणायचं, त्याने ते आपल्या मांडीवर टाकायचं, आणि मग घ्यायचं. पहिल्याच वेळी हात पुढे करणारा माणूस हावरट, हे आम्हाला आईने शिकवलेलं आहे.

ग्लेंडाने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाली. ब्लँकेट काखेत घेतलं आणि आत गेली. मी तिची वाट पाहत बसलो. ती परत आलीच नाही.

थोड्या वेळाने केतकी बाहेर आली. "बाबा, तू तिला नाही म्हणालास?"

"मी नको म्हणालो. पहिल्यांदा कुणी हो म्हणतं का?"

"वाट लागली," ती पायरीवर बसली. "अरे, उद्या नाव देताना रेवाला त्या ब्लँकेटमध्ये धरायचंय. त्यांच्या घरात आईकडच्या आजोबांनी ते घेतलं म्हणजे त्या बाजूची संमती. तू घेतलं नाहीस. ती आत म्हणतेय, मुंबईच्या लोकांना नाव नकोय, उद्याचं राहू दे."

"राहू दे काय! ऑगस्टला ऑपरेशन आहे ना?"

"तेच."

"मग मी जाऊन मागून घेतो."

मार्कस म्हणाला, "मागता येत नाही. देणं मागायचं नसतं."

मी आयुष्यात पुष्कळ लोकांना दुखावलं आहे, पण सहसा बोलून. सभ्यपणाने एखाद्याचं नाव बंद पाडण्याची वेळ पहिलीच. ओसरीवर मला बसवेना. चालायला लागलो तर मैलभर कुठेच काही नव्हतं. एवढं मोठं गवत आणि लाज लपवायला एक झाड नाही. परत आलो.

सुनंदा तोवर स्वयंपाकघरात गेली होती. ग्लेंडा उद्याच्या सुपासाठी मांसाचे तुकडे करत होती. दार उघडं होतं, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. सुनंदाचं इंग्रजी माझ्यापेक्षा तोकडं आहे, त्यामुळे ती थेट मुद्द्यावर येते.

"ग्लेंडाताई, आमच्या घरी 'नो' म्हणजे 'नो' नाही. पहिला 'नो' फुकटचा. दुसरा 'नो' फुकटचा. तिसराही. तुम्ही चौथ्यांदा विचारायचं. तेव्हा माणूस घेतो. तुम्ही एकावर थांबलात."

सुरीचा आवाज थांबला. "चार वेळा विचारायचं?"

"चार."

"आणि जेवण वाढतानाही?"

"तेव्हाही. नाहीतर पाहुणा उपाशी झोपतो."

मग ग्लेंडा हसायला लागली. ती हसते तेव्हा बसचं इंजिन थंडीत सुरू होतं तसं, आधी धडधड आणि मग सगळं घर. "चार! आमची गाणीसुद्धा चारदा असतात. हे आधी का नाही सांगितलंत?"

ती ब्लँकेट घेऊन बाहेर आली. टीना, मार्कस, केतकी, सगळे दारात. तिने ते पुढे धरलं. "हे तुमच्यासाठी."

मी इतका घाबरलो होतो की तिचं वाक्य संपायच्या आत म्हटलं, "हो हो, द्या!"

ग्लेंडाने ब्लँकेट मागे घेतलं. "नाही. नीट करा. तुमच्या पद्धतीने."

"मी घेतो म्हणतोय ना."

"आधी नाही म्हणा."

"नाही," मी म्हटलं. "कशाला?" तिने दुसऱ्यांदा पुढे केलं. "राहू द्या हो." टीना बोटं मोजत होती. तिसऱ्या वेळी माझा आवाज चिरकला, कारण मला खरोखर वाटलं की ही बाई तिसऱ्यावर थांबेल. तिने तेवढ्यासाठीच मुद्दाम दम घेतला. मग चौथ्यांदा पुढे केलं, आणि मी दोन्ही हातांनी घेतलं. जुलैच्या त्या उन्हाळ्यात लोकरीने मांडी अशी भाजली की विचारू नका. मी ते रात्रीपर्यंत मांडीवरून काढलं नाही.

कार्नेगी

कार्नेगी नावाच्या गावाबाहेरच्या मैदानात लोक जमले होते: खुर्च्या, तंबू, बर्फाच्या पेट्या, कलिंगडं. मध्ये एक मोठा ढोल आणि त्याभोवती बसलेले गायक. पुरुष हातात खुळखुळे घेऊन एका जागी उभ्याउभ्या गुडघ्यात लवत होते. हाच त्यांचा नाच. मला आधी वाटलं, सुरुवात व्हायची आहे. अर्ध्या तासाने लक्षात आलं की आपलेही गुडघे लवत आहेत.

माइकवर एक निवेदक होता. झेंडे, मानवंदना, माजी सैनिकांचा उल्लेख, पुन्हा माजी सैनिकांचा उल्लेख. समारंभ या प्रकाराबद्दल माझं मत चांगलं नाही. आमच्याकडे ज्याचा सत्कार असतो त्याला शाल मिळते. माझ्या कपाटात अशा सात शाली आहेत, आणि त्यातली एक मी स्वतःच दुसऱ्याला घातली होती, ती फिरून परत आली. इथे उलटं निघालं. ज्याचा मान, त्याने द्यायचं. ग्लेंडाच्या घरच्यांनी वर्षभर जमवलेली ब्लँकेटं, झालरीच्या शाली, किराण्याने भरलेल्या टोपल्या मैदानात मांडल्या. नावं पुकारली गेली. माणसं आली, घेतलं, आमच्या रांगेतल्या प्रत्येकाशी हात मिळवून गेली. कुणीही "कशाला" म्हणालं नाही. आमच्या कट्ट्यावरच्या अध्यक्षांना हे दाखवायला हवं होतं.

मग ग्लेंडा पुढे आली. मी लाल-निळ्या ब्लँकेटमध्ये रेवाला धरून उभा होतो. चौदा महिन्यांचं मूल लोकरीत कसं वागतं ते आईबापांना माहीत आहे. ग्लेंडाने माइक घेतला. आधी कायोवात बोलली, मग आमच्यासाठी इंग्रजीत. हे नाव तिच्या आजीचं होतं. आजीने ते दिलं तेव्हा ग्लेंडा सहा वर्षांची होती, आणि त्या दिवसापासून आजीला कुणी त्या नावाने हाक मारली नाही. "आजपासून हे हिचं आहे," ती म्हणाली. "मला आता या नावाने बोलावू नका. मी ओ देणार नाही."

तिने ते नाव चारदा म्हटलं. चौथ्यांदा म्हणताना आवाज हलला, पण नाव हललं नाही. मग तिने आमच्याकडे पाहिलं, आणि सुनंदाने व मी ते म्हटलं. आदल्या रात्री तिने आमच्याकडून घोटून घेतलं होतं. ते नाव इथे लिहीत नाही. ते रेवाचं आहे, आणि तिला विचारायचं राहिलं आहे.

ढोल सुरू झाला. आम्ही मैदानाला फेरी धरली, पुढे ग्लेंडा, मागे आम्ही, आमच्यामागे एकेक करून लोक येत गेले, मला न ओळखणारे, हात मिळवत. सुनंदा रडत होती. मी रडत नव्हतो. लोकर डोळ्यात जाते.

मुलुंड पूर्व

ऑपरेशन ऑगस्टमध्ये झालं. झडप नवी आहे, डॉक्टर खूश आहेत, ग्लेंडा पुन्हा फ्राय ब्रेड करते आणि तो स्वतः खाऊ नये हे केतकीने सांगूनही खाते. त्यामुळे एक नवीच अडचण उभी राहिली: बाई ठणठणीत आहेत आणि नाव नाही. तिच्या भावंडांत त्यावर चर्चा चालू आहे. एका बहिणीने एक जुनं नाव सुचवलंय, ग्लेंडाला ते आवडलेलं नाही. तिला घाई नाही. ग्लेंडा हे कामाचं नाव लायसन्सवर आहेच. आमच्याकडे अडचण नव्हतीच. सुनंदा तिला फोनवर विहीणबाई म्हणते, तीही आता "येस, विहीणबाई" म्हणते, आणि दोघी एकमेकींना काय सांगतात ते मला कळवलं जात नाही.

दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल असतो. तिकडे शनिवारची संध्याकाळ. रेवा जमिनीवर बसलेली असते. सुनंदा मुलुंडहून "रेवा" म्हणते. मग ग्लेंडा तिला तिच्या पणजीच्या आईचं ते नाव घेऊन हाक मारते, अगदी बरोबर, चारदा. मीही मारतो. उच्चार चांगला आहे असं मला सांगण्यात आलं आहे.

रेवा अजून दोन्ही नावांना वळून बघत नाही. ती फक्त "बिस्किट" या नावाला बघते. बिस्किट हा त्यांचा कुत्रा आहे.